रजिस्टरमध्ये ५ टन, शेडमागे ४१ टन: रबाळ्यातल्या एका ईएचएस ऑफिसरचं प्रकरण

हे प्रकरण रबाळे एमआयडीसीतलं आहे. नाव बदललंय, कंपनी कुठली ते सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही आकडे थोडे इकडचे तिकडे केलेत, बाकी घडलं ते असंच. जिचं प्रकरण आहे तिला विचारूनच लिहितोय. ठाणे-बेलापूर पट्ट्यात या कामात बरीच वर्षं काढल्यामुळे ईएचएसमध्ये (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) करिअर करायचंय म्हणणारी मुलं-मुली सारखी भेटतात, कोर्स कुठला करू, पगार किती मिळतो हे विचारतात, आणि ते विचारायलाच पाहिजे. पण खुर्चीत बसल्यावर पहिल्या काही महिन्यांत समोर काय येऊ शकतं हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पार्श्वभूमी

तिला आपण स्नेहा म्हणू. कळव्याची, एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएस्सी. सुरुवातीची चार वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काढली. चिमणीवर चढून स्टॅक सॅम्पलिंग करायचं, ईटीपीच्या म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या आउटलेटला सॅम्पलचे कॅन भरायचे, संध्याकाळी येऊन रिपोर्ट टाइप करायचे. ही नोकरी दमवते पण शिकवते खूप, कारण कितीतरी कंपन्यांचे प्लांट बघायला मिळतात. फक्त ते सगळं बाहेरच्या माणसाच्या नजरेनं. गेटवर नाव लिहा, सॅम्पल घ्या, निघा. नोकरी सांभाळून तिनं इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा म्हणजे एडीआयएस केला आणि त्याच्या जोरावर रबाळ्यातल्या एका मध्यम आकाराच्या केमिकल कंपनीत ईएचएस एक्झिक्युटिव्ह म्हणून लागली. पगार बऱ्यापैकी वाढला, खारेगावला फ्लॅट बुक केला होता त्याचा हप्ता त्यावर सुरू झाला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा प्रत्येक निर्णय या हप्त्यासकट घ्यायचा होता.

कंपनी रेड कॅटेगरीतली, म्हणजे प्रदूषणाची शक्यता सगळ्यात जास्त असलेल्या गटातली. एफ्लुएंट म्हणजे सांडपाणी स्वतःच्या ईटीपीत ट्रीट करून कॉमन ईटीपीला सोडायचे, आणि ईटीपीतून निघणारा स्लज म्हणजे गाळ हा हझार्डस वेस्ट म्हणजे घातक कचरा, २०१६ च्या नियमांत कॅटेगरी ३५.३. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. असा कचरा आवारात ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, त्याची रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये ठेवायची, टीएसडीएफला म्हणजे अशा कचऱ्यावर प्रक्रिया करून विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राला पाठवताना फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट भरायचा, आणि आर्थिक वर्ष संपलं की ३० जूनपर्यंत फॉर्म ४ म्हणजे वार्षिक रिटर्न प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा. वर्षभरात किती तयार झाला, किती पाठवला, किती शिल्लक आहे, सगळं त्यात येतं. स्नेहा एप्रिलमध्ये जॉइन झाली, म्हणजे पहिलं मोठं काम हाच फॉर्म ४. आधीचा माणूस दहेजला गेला होता आणि जाताना हँडओव्हर म्हणून एक पेन ड्राइव्ह आणि चार बॉक्स फाइल ठेवून गेला होता.

अडचण नेमकी काय होती

कागदावर सगळं छान होतं. वर्षाला ३० टन स्लजची परवानगी, रजिस्टरप्रमाणे २० टन तयार झाला, १५ टन टीएसडीएफला गेला, ५ टन शिल्लक. महिन्याला साधारण १.६ टन धरला तर ५ टन म्हणजे बरोबर तीन महिन्यांचा माल, ९० दिवसांत बसणारा. पाठवलेले १५ टनही खरे होते, कारण माल मिळाल्यावर टीएसडीएफकडून परत येणारी मॅनिफेस्टची निळी कॉपी प्रत्येक ट्रिपची फाइलला लागलेली होती, तिनं एकेक तपासली.

शंका आली ती चुन्याच्या बिलांवरून. ईटीपीच्या केमिकलचा खर्च बघताना चुना किती येतोय ते दिसलं, आणि एवढा चुना पाण्यात गेल्यावर स्लज एवढाच कसा, हे तिला पटेना. लॅबमधली चार वर्षं इथे कामाला आली. ती ईटीपीवर गेली तेव्हा तिथले ऑपरेटर काका, कॉन्ट्रॅक्टवरचे, बरीच वर्षं त्याच ईटीपीवर, ते म्हणाले, "मॅडम, रजिस्टर काय बघताय, मागं जाऊन बॅगा मोजा."

मागे म्हणजे डीजी सेटच्या पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीला लागून. निळ्या ताडपत्रीखाली जंबो बॅगा दोन-दोन थरांत रचलेल्या, खालच्या काही उन्हानं फाटलेल्या, आणि त्यातून पांढरट-राखाडी माती बाहेर आलेली. भिंतीच्या पलीकडे नाला. टीटीसीतले म्हणजे या औद्योगिक पट्ट्यातले नाले कुठे जातात ते इथल्या माणसाला सांगायला नको, पारसिकच्या डोंगराकडून येतात आणि पश्चिमेला ठाणे खाडीला मिळतात. ही तीच खाडी, जिचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला.

बॅगा निघाल्या ५१. एक सरासरी ८०० किलो, म्हणजे जवळपास ४१ टन.

काकांची स्वतःची एक लॉगबुक होती, शिफ्टला प्रेस (स्लजमधलं पाणी पिळून काढणारं यंत्र) किती वेळा उघडला ते लिहिलेलं. दिवसाला दोन वेळा, एका वेळी ८० किलोच्या आसपास केक म्हणजे पिळलेला स्लज, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला ४ टन, वर्षाला ४८. त्यातले १५ गेले, मार्चअखेर ३३ उरले, त्यात एप्रिल-मेचे ८. हिशोब बॅगांशी तंतोतंत जुळत होता, रजिस्टरशी अजिबात नाही.

कारणही सापडलं, आणि मला या प्रकरणात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्वी ते ॲसिडिक एफ्लुएंट कॉस्टिक सोड्यानं न्यूट्रल करायचे. कॉस्टिकचे भाव चढले तेव्हा पर्चेसनं चुना आणायला सुरुवात केली. एफ्लुएंटमध्ये सल्फ्युरिक ॲसिड असेल तर चुन्यामुळे कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम बनतं, ते फारसं विरघळत नाही, तळाला बसतं आणि प्रेसमधून केक होऊन बाहेर येतं. पर्चेसच्या खात्यावर बचत दिसली, त्याचं कौतुकही झालं, आणि स्लज दुपटीच्या वर गेला तो मात्र कुणाच्याच खात्यावर नव्हता. ३० टनांची परवानगी पुरेना, ती वाढवून घ्यायला मंडळाकडे जावं लागलं असतं, मग प्रश्न आले असते, म्हणून रजिस्टर परवानगीत बसेल असं लिहायला सुरुवात झाली. कुणी एका दिवशी बसून खोटं करायचं ठरवलं नव्हतं, दर महिन्याला थोडं थोडं होत गेलं.

आणि हे सगळं कळलं तेव्हा मे संपत आला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस, ३० जूनला फॉर्म ४.

कुठले पर्याय होते

तिनं प्लांट मॅनेजरना सांगितलं. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, प्लांट उभा राहिल्यापासून तिथेच, कामगारांना धरून चालणारे. त्यांना हे माहीत होतं. ते म्हणाले, "हे बघ स्नेहा, हे तुझ्या काळातलं नाहीये, तू टेन्शन घेऊ नको. यंदा गेल्या वर्षीसारखंच भर, पुढच्या वर्षीपासून आपण दर महिन्याला थोडं थोडं जास्त दाखवत जाऊ, दोन वर्षांत सगळं ॲडजस्ट होईल."

तिनं मला फोन केला तो त्या संध्याकाळी, ठाणे स्टेशनवरून. सरळ खोटं भरायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं, तो प्रश्नच नव्हता. तिला अडवत होता तो हा ॲडजस्टचा पर्याय, कारण ऐकायला तो समजूतदार वाटतो. कुणाचं नुकसान नाही, माल शेवटी टीएसडीएफलाच जाणार, नोकरी टिकणार. आम्ही फोनवर तो पर्याय नीट उलगडून बघितला. दोन वर्षं ॲडजस्ट करायचं म्हणजे ४१ टन नाल्याच्या भिंतीला लागून दोन पावसाळे काढणार. दुसरं म्हणजे त्या दोन्ही वर्षांचे फॉर्म ४ खोटेच असणार, आणि ते तिच्या लॉगिननं भरलेले असणार. आज ती म्हणू शकते की मी आले तेव्हा हे असं सापडलं. एक खोटा फॉर्म भरला की हे वाक्य तिला आयुष्यात परत वापरता येणार नाही.

राजीनामा हा दुसरा पर्याय. घरच्यांचं मत तेच होतं, सोडून दे, परत लॅबला जा. पण दोन महिन्यांत नोकरी सोडली तर कारण काय सांगणार, आणि बॅगा तिथेच राहणार. मंडळाकडे निनावी तक्रार हा तिसरा. काही ठिकाणी तोच एकमेव मार्ग उरतो आणि तो घेणाऱ्याला मी कधीच नावं ठेवणार नाही, पण इथे कंपनीच्या मालकाला अजून कुणी विचारलंच नव्हतं. नियमांप्रमाणे मुदतवाढ मागणं हा चौथा. नियम ८ मध्ये मंडळ योग्य कारण असेल तर ९० दिवसांचे १८० करू शकतं. पण महिन्याला ४ टनांच्या हिशोबानं खालच्या थरातल्या बॅगा १८० दिवसही ओलांडून गेलेल्या, म्हणजे मुदतवाढ निम्म्याहून थोड्या जास्त मालालाच लागू पडली असती.

गुपचूप उचलून टाकायचा हाही विचार झाला. तो जमत नाही, कारण मॅनिफेस्ट ऑनलाइन असतो, एका महिन्यात ४१ टन गेले की परवानगी ३० ची असताना हे आले कुठून ते लगेच दिसतं.

मग उरला तो वर जाण्याचा रस्ता. फॅक्टरीज ॲक्टप्रमाणे कंपनीच्या बाबतीत ऑक्युपायर म्हणजे कारखान्यासाठी कायद्यानं जबाबदार माणूस हा डायरेक्टरच असतो, आणि हझार्डस वेस्टच्या कागदांवरही ऑक्युपायर म्हणून नाव त्यांचंच होतं. मी तिला एवढंच म्हटलं की सही तू करशील, पण जबाबदारी ज्यांच्या नावावर आहे त्यांना हा आकडा माहीत आहे का ते आधी बघ. तिनं प्लांट मॅनेजरना डावललं नाही. त्यांना सांगितलं, "सर, मी नोट तयार करते, तुम्हीही सोबत चला, पण ही नोट डायरेक्टर साहेबांपर्यंत गेली पाहिजे." ते दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. तिसऱ्या दिवशी गेले सोबत.

काय केलं

नोट दोन पानांची होती. तिच्यात नैतिकतेबद्दल एक शब्द नव्हता. वरती खरा आकडा आणि रजिस्टरचा आकडा शेजारी शेजारी, खाली कारण म्हणजे चुना, आणि त्याखाली पैशाचा हिशोब. माल उचलायला ट्रान्सपोर्ट आणि टीएसडीएफचं बिल धरून पाच-सहा लाख. जनविश्वास कायद्यानं बदल झाल्यावर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दंड १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत. आणि मंडळानं बंदचे आदेश दिले, पाणी-वीज तोडली, तर रोजचं नुकसान किती ते अकाउंट्सकडून घेतलेलं. चुन्यानं वाचलेले पैसे आणि वाढलेल्या स्लजचा खर्च यांची वजाबाकी करून दाखवली, तर बचत उलटी निघत होती. डायरेक्टरनी सगळ्यात जास्त वेळ त्या वजाबाकीवर घालवला. या क्षेत्रात येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं: नियम पाठ असणं हे काम निम्मंच आहे, तो नियम मोडल्याचा खर्च कंपनीच्या भाषेत मांडता आला पाहिजे.

मंजुरी मिळाल्यावर पहिलं काम कागदाचं नव्हतं, पावसाचं होतं. पाऊस यायच्या आत बॅगा पत्र्याच्या शेडमध्ये पॅलेटवर घेतल्या, फाटलेल्या बदलल्या, शेडच्या तोंडाला विटांचा छोटा बंधारा घातला, नाल्याकडे जाणाऱ्या पावसाच्या गटाराला वाळूच्या गोणी लावल्या. भिंतीजवळची वरची माती खरवडून तीही बॅगेत भरली आणि वजनात धरली.

टीएसडीएफचं थकलेलं बिल भरलं, सॅम्पल दिलं, त्यांनी माल घ्यायची तयारी दाखवली. मग मंडळाच्या ऑफिसला पत्र. त्यात आजचा स्टॉक, कधीपासून साठलाय, कारण काय, कुठल्या तारखेपर्यंत सगळा उचलणार, आणि परवानगीचा आकडा वाढवून मिळावा म्हणून अर्ज करत आहोत. सोबत फोटो. ट्रिपा सुरू झाल्या त्या पत्र दिल्यावर, आधी नाही. हा क्रम तिनं मुद्दाम ठेवला, कारण मॅनिफेस्ट बघून मंडळानं विचारावं आणि मग आपण उत्तर द्यावं यापेक्षा आपण आधी सांगितलेलं केव्हाही बरं.

फॉर्म ४ जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेला. तयार झालेला ४८ टन, पाठवलेला १५ टन, ३१ मार्चचा शिल्लक ३३ टन. मागच्या वर्षीच्या आकड्याशी मेळ का बसत नाही त्याचं कव्हरिंग लेटर सोबत.

पुढे काय झालं

सगळं गोड झालं असं नाही. फील्ड ऑफिसर येऊन गेले, कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर दिलं, सुनावणी झाली, आणि ठराविक मुदतीत स्टॉक संपवायचा, परवानगी दुरुस्त करून घ्यायची या अटींवर बँक गॅरंटी द्यावी लागली. बंदचे आदेश आले नाहीत. सुनावणीत पहिला प्रश्न होता की हे तुम्ही स्वतःहून कळवलंत का, आणि पत्राची पोच फाइलला होती.

प्रोसेसमध्येही बदल झाला. पूर्ण कॉस्टिकवर परत जाता येत नव्हतं, कारण कॉस्टिकनं सोडियम सल्फेट पाण्यातच राहतं, स्लज कमी होतो पण टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढतो, आणि टीडीएसलाही मर्यादा आहे. शेवटी थोडं कॉस्टिक थोडा चुना असं डोसिंग ट्रायल घेऊन बसवलं, आणि केक वाळवूनच वजन करायला लागले, कारण टीएसडीएफ वजनावर पैसे घेतं आणि ओल्या केकमध्ये बरंचसं पाणीच असतं. एका परदेशी ग्राहकाचं ऑडिट पुढच्या वर्षी आलं, त्यांनी केमिकल खरेदी ते स्लज असा पूर्ण मास बॅलन्स, म्हणजे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशोब मागितला, आणि तो देता आला.

स्नेहाला त्या वर्षी इन्क्रिमेंट मिळालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. दोनेक वर्षं राहिली, प्लांट मॅनेजरशी हळूहळू बरं झालं. मग ऐरोलीत एका मोठ्या कंपनीच्या रिस्क आणि कंप्लायन्स टीममध्ये गेली, जिथे सप्लायर कंपन्यांचा पर्यावरणाचा डेटा तपासायचा असतो. सेबीनं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) २०२२-२३ पासून सक्तीचा केला, तेव्हापासून अशा टीम वाढतायत, आणि त्यांना एक्सेल येणारी माणसं भरपूर मिळतात, पण बॅगा मोजलेली माणसं कमी मिळतात. इंटरव्ह्यूमध्ये तिनं कंपनीचं नाव न घेता हेच प्रकरण सांगितलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

एक म्हणजे वेळ. एप्रिलमध्ये जॉइन होऊन मे संपेपर्यंत ती फाइलीच वाचत होती. नवीन प्लांट घेतला की पहिल्या आठवड्यात आवाराची पूर्ण फेरी मारायची, भिंतीच्या कडेकडेनं, शेडच्या मागनं, आणि जे दिसेल त्याचा तारखेसह फोटो स्वतःच्या हँडओव्हर नोटला जोडून मेलवर पाठवून ठेवायचा. त्यामुळे आधीचं काय आणि आपल्या काळातलं काय ही रेघ पहिल्याच आठवड्यात आखली जाते. नोकरी घेतानाच गेल्या वर्षीचा फॉर्म ४ आणि कन्सेंटची म्हणजे मंडळाच्या परवानगीची कॉपी बघायला मागावी, दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे. या विषयात पुढेही काम वाढणार आहे, २०२५ मध्ये पर्यावरण ऑडिटचे स्वतंत्र नियम आलेत, बाहेरचा ऑडिटर येऊन हेच आकडे तपासणार, तेव्हा ही सवय लवकर लागलेली बरी.

दुसरी गोष्ट स्नेहा स्वतःच बोलून दाखवते, आणि तिला त्याचा अजून त्रास होतो. नोटला तिनं काकांच्या लॉगबुकच्या पानांचे फोटो जोडले होते. पुरावा म्हणून पक्का, पण प्रत्येक पानाखाली त्यांची सही. ते कंपनीचे नव्हते, कॉन्ट्रॅक्टरचे होते, आणि जुलैमध्ये कॉन्ट्रॅक्टरनं त्यांना तळोज्याच्या साइटवर टाकलं. पगार तोच, पण घर दिघ्याला, म्हणजे रोजचा प्रवास कितीतरी वाढला आणि ओळखीचा प्लांट सुटला. तिनं एचआरला दोनदा लिहिलं, कॉन्ट्रॅक्टरचा अंतर्गत विषय आहे असं उत्तर आलं. खालच्या माणसानं विश्वासानं दाखवलेला कागद वर जाताना त्याचं नाव त्याच्यासोबत जाता कामा नये, हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत आणि शिकवायला हवं. लॉगबुकची गरजही नव्हती खरं तर. आठवडाभर प्रेसखाली वजनकाटा ठेवून तिनं स्वतः केक मोजला असता, स्वतःच्या सहीनं तक्ता केला असता, तर डायरेक्टरना तेवढं पुरलं असतं आणि काकांची शिफ्ट रबाळ्यातच राहिली असती.